ॲव्हरेज वाढवणारी यंत्रं खरंच चालतात का? आधी गेलेले चार किलोमीटर शोधू

भाऊ, तुमचा प्रश्न वाचला. बाकीच्यांसाठी थोडक्यात मांडतो. २०१५ ची सेकंडहँड पेट्रोल हॅचबॅक तुम्ही २०२३ मध्ये घेतली. तेव्हा ती १८ चं ॲव्हरेज द्यायची, आता १४ वर आली. गाव ते कारंजा रोजचं जाणं-येणं आणि कृषी केंद्राच्या कामासाठी अधूनमधून समृद्धीवरून नागपूर. बाजारात एकाने तुम्हाला स्टिअरिंगखालच्या सॉकेटमध्ये लावायचा प्लग १,२०० रुपयांना दाखवला आणि तीस टक्के ॲव्हरेज वाढेल म्हणाला. चुलतभावाने पेट्रोलच्या नळीवर चुंबक लावलंय, त्याला तीन किलोमीटरचा फरक वाटतो. मेव्हणा त्याच्या डिझेल पिकअपला पाण्यावर चालणारं हायड्रोजन किट बसवायच्या बेतात आहे, पंधरा हजारांचं. जाता जाता तुम्ही असंही लिहिलंय की टायर नवीन टाकले, उन्हाळ्यात इंजिन तापत होतं त्याचंही काम करून घेतलं, म्हणजे गाडीत आता काही बाकी नाही.

उत्तर आधी देऊन टाकतो. तिन्हींपैकी काहीही घेऊ नका. मी दारव्ह्याला गॅरेज चालवतो. अशा वस्तू लावलेल्या गाड्या माझ्याकडे नेहमी येतात आणि त्यातल्या कित्येक वस्तू मी उघडून पाहिल्या आहेत. पण नुसतं 'घेऊ नका' सांगून तुमचं काम होणार नाही, कारण तुमचा तोटा खरा आहे. महिन्याला हजार किलोमीटर गाडी चालत असेल तर १८ च्या हिशोबाने साडेपंचावन्न लिटर लागतं आणि १४ च्या हिशोबाने साडेएकाहत्तर. सोळा लिटरचा फरक, म्हणजे आजच्या भावाने सोळाशेच्या वर रुपये दर महिन्याला. एवढे पैसे जात असतील तर माणूस १,२०० रुपयांचा प्लग घ्यायला तयार होणारच, त्यात तुमचं काही चुकलं नाही. मात्र १८ देणारी गाडी १४ वर आली याला गाडीतच कुठेतरी कारण आहे. ते कारण सापडेपर्यंत वरून काहीही लावलं तरी ते तिथेच राहणार.

आता हे प्लग आणि चुंबक का चालत नाहीत ते सांगतो, कारण उद्या दुसरा विक्रेता दुसऱ्या नावाची वस्तू घेऊन येईल.

या सगळ्यांचा दावा शेवटी एकच असतो: तुमच्या इंजिनात पेट्रोल नीट जळत नाही, आमच्या यंत्राने पूर्ण जळेल. हा दावाच चुकीचा आहे. इंजेक्शनच्या गाडीत इंजिन एकदा गरम झालं की आत गेलेल्या पेट्रोलपैकी ९७-९८ टक्के किंवा त्याहून जास्त जळतं. सायलेन्सरच्या नळीत ऑक्सिजन सेन्सर असतो. तो सतत सांगत राहतो की मिश्रणात हवा जास्त झाली की पेट्रोल, आणि ईसीएम, म्हणजे इंजिनाचा कॉम्प्युटर, त्याप्रमाणे इंजेक्टर (पेट्रोल फवारणारे नोझल) कमी-जास्त उघडतं. एक किलो पेट्रोलला साधारण १४.७ किलो हवा, या प्रमाणाभोवती गाडी स्वतःला धरून ठेवते. उरलंसुरलं जे न जळता बाहेर पडतं ते कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये, म्हणजे सायलेन्सरच्या वाटेवरच्या धूर साफ करणाऱ्या डब्यात, संपतं.

मग पेट्रोल जातं कुठे? शंभर रुपयांच्या पेट्रोलमधले फार तर पंचवीस-तीस रुपयेच गाडी ढकलायच्या कामी येतात. बाकी बहुतेक सगळी उष्णता होते. काही सायलेन्सरमधून, काही रेडिएटरमधून बाहेर पडते, काही इंजिनाच्या घर्षणात जाते. ही उष्णता पेट्रोल जळल्यानंतरची आहे. ते आणखी चांगलं जाळून ती वाचत नाही. जळायचं राहिलेलं फार तर दोन-तीन रुपयांचं. जगातलं सर्वांत चांगलं यंत्र आणून ते सगळं जाळलं तरी १४ चं ॲव्हरेज साडेचौदाच्या आतच राहील. तीस टक्के वाढ म्हणजे १४ चे १८.२. ती या रस्त्याने येऊच शकत नाही.

सॉकेटमधला प्लग. त्या सॉकेटला ओबीडी पोर्ट म्हणतात, सोळा पिनांचं असतं. सोळाव्या पिनेवर बॅटरीचा करंट असतो, चौथ्या-पाचव्यावर अर्थ, आणि आताच्या गाड्यांमध्ये ईसीएमशी बोलणं सहाव्या आणि चौदाव्या पिनेवरून होतं. ज्यांनी असे स्वस्त प्लग उघडून तपासले त्यांना बहुतेकांत करंट आणि अर्थ जोडलेले, एक छोटी चिप आणि लुकलुकणारे दिवे एवढंच सापडलं. मी उघडलेल्यांतही तेच होतं. सहाव्या-चौदाव्या पिनेतून गाडीशी बोलण्यासाठी जो भाग लागतो तोच नव्हता. म्हणजे दिवे लागतात, पण गाडीला काही सांगितलं जात नाही. वर विक्रेता म्हणतो, दीडशे-दोनशे किलोमीटर चालवा, प्लग तुमची गाडी शिकून घेईल. तेवढ्यात तो दुसऱ्या गावच्या बाजाराला गेलेला असतो. गाडी आठवडाभर उभी राहिली तर असा प्लग बॅटरीही थोडी थोडी खात राहतो.

चुंबकाचं तर सांगायला फार नाहीच. चुंबक लोखंडाला ओढतं. पेट्रोल-डिझेलवर चुंबकाचा परिणाम इतका क्षीण असतो की त्याने इंधनाचे रेणू सुटे होणं, रांगेत लागणं वगैरे काही घडत नाही. नळीतून पेट्रोल पुढे गेलं की जो काही नावापुरता परिणाम असेल तोही संपला. हवेच्या पाइपात बसवायच्या भोवऱ्याच्या पंख्यांचीही तीच गत, उलट ते हवेची वाट अडवतात.

चुलतभाऊ खोटं बोलतो असं मी म्हणत नाही. त्याला फरक खरंच जाणवला असणार. पण तो मोजला कसा हे विचारा. आपल्याकडे बहुतेक जण 'पाचशेचं टाकलं, किती चालली' असं मोजतात आणि काटा पाहून ठरवतात. काटा हे माप नाही. त्यातून, यंत्र लावलं की माणूस गाडी सांभाळून चालवतो, रेस कमी देतो, कारण त्याला निकाल पाहायचा असतो. त्याच दिवशी हवा भरून घेतो, सर्व्हिसिंगही उरकतो. लावलं मे महिन्यात आणि मोजलं ऑगस्टमध्ये तर एसीचाच फरक पडतो. हे सगळं मिळून दोन-तीन किलोमीटर सहज होतात, आणि श्रेय चुंबकाला जातं.

जुन्या लोकांचा विश्वास कुठून आला तेही सांगितलं पाहिजे. पूर्वी इंजेक्टरऐवजी कार्बोरेटर हवा-पेट्रोल मिसळायचा, त्या काळात मिश्रण ठरवायला सेन्सर नव्हता. जेट झिजलेला, फ्लोट बिघडलेला, मिस्त्रीने स्क्रू जास्त सोडलेला, अशा गाड्या हवेपेक्षा पेट्रोल जास्त पीत. त्यात कुठून थोडी जादा हवा सोडली तर ॲव्हरेज खरंच थोडं वाढायचं. अमेरिकेच्या पर्यावरण संस्थेने, म्हणजे ईपीएने, जुन्या गाड्यांवर तपासलेल्या काही हवा सोडणाऱ्या यंत्रांत असा थोडा फायदा दिसला होता. तुमचे वडील किंवा काका जीपच्या गोष्टी सांगत असतील तर त्या या काळातल्या. २००० च्या आसपास प्रदूषणाचे नियम आले आणि कारमधून कार्बोरेटर गेला. तुमच्या गाडीत ती फट शिल्लकच नाही.

त्याच ईपीएने १९७० च्या दशकातल्या तेलटंचाईपासून आजवर शंभराहून जास्त अशी यंत्रं तपासली. ॲव्हरेज लक्षात येण्याइतकं वाढवणारं त्यांना एकही सापडलं नाही. थोडा फायदा दिसला त्यातली काही यंत्रं काय करत होती? गाडी वेग घेताना एसी बंद करत होती. ते काम तुमचं बोट फुकटात करू शकतं.

आपल्याकडचंही पाहा. २०१७ पासून भारतात कार कंपन्यांना त्यांच्या सगळ्या गाड्यांचं सरासरी इंधन ठरावीक मर्यादेत ठेवावं लागतं आणि २०२२ पासून ती मर्यादा आणखी कडक झाली. या नियमासाठी कंपन्या पत्रा हलका करतात, इंजिनातलं घर्षण कमी करतात, एकेका टक्क्यासाठी करोडो रुपये घालतात. हजार रुपयांच्या प्लगने तीस टक्के मिळत असते तर तो प्लग कारखान्यातूनच बसून आला असता. विक्रेत्याला एवढंच विचारा की पुण्याच्या एआरएआयचा, म्हणजे गाड्या तपासणाऱ्या संस्थेचा, चाचणी अहवाल आहे का. गाडी रोलरवर ठेवून, ठरलेल्या वेगाच्या तक्त्याप्रमाणे चालवून, वस्तूसह आणि वस्तूविना मोजलेला. 'हजारो ग्राहक समाधानी' हा अहवाल नव्हे.

टाकीत टाकायच्या औषधांबद्दल मात्र माझं मत थोडं वेगळं आहे, कारण तिथे परिस्थितीवर अवलंबून आहे. चांगल्या कंपनीचं इंजेक्टर साफ करणारं औषध खरंच घाण काढतं. तुम्ही कृषी केंद्र चालवता, तुम्हाला हे लगेच पटेल: ज्या वावरात झिंकची कमतरता आहे तिथे झिंक दिलं तर पीक सुधारतं, जिथे कमतरता नाही तिथे गोणीभर टाकलं तरी उत्पादन वाढत नाही. औषधाचंही तसंच आहे. इंजेक्टर घाण असेल तर गेलेलं थोडं परत मिळेल, साफ असेल तर काही मिळणार नाही. डांबराच्या गोळ्या, ॲसिटोन, रॉकेल हे कोणी सुचवलं तर ऐकू नका. रबरी नळ्या आणि पंप खराब होऊन बसेल.

आता तुमच्या गेलेल्या चार किलोमीटरकडे येऊ. गाडी मी पाहिलेली नाही, म्हणून छातीठोक सांगणार नाही. पण तुम्ही जाता जाता लिहिलेल्या दोन गोष्टींवरच माझं सगळ्यात जास्त लक्ष गेलं: नवीन टायर आणि तापण्याचं काम.

टायर आधी. पांदणीच्या रस्त्यावर गाडी खाली घासते म्हणून आपल्याकडे पुष्कळ जण एक माप मोठं टायर घालतात. दुकानदारही म्हणतो, 'घाला ना भाऊ, काही होत नाही.' समजा मूळ माप १५५/६५ आर १४ होतं आणि आता १६५/७० आर १४ आहे. चाकाचा घेर पाच टक्क्यांनी वाढला. मीटर चाकाच्या फेऱ्या मोजतो, त्याला घेर वाढल्याचं कळत नाही. गाडी खरी १०० किलोमीटर जाते तेव्हा मीटरवर ९५ च दिसतात. म्हणजे १८ चे १७.१ झाले, आणि हे पेट्रोल जळालेलंच नाही, फक्त कागदावर कमी दिसतंय. ड्रायव्हरच्या दरवाजाच्या चौकटीवर स्टिकर असतं, त्यावरचं माप आणि टायरवरचं माप जुळवून पाहा. आधी हेच करा, फुकटात होतं.

त्याच स्टिकरवर हवेचं प्रेशर लिहिलेलं असतं. सकाळी टायर थंड असताना तेवढी हवा ठेवा. हवा कमी असल्याने ॲव्हरेजवर होणारा परिणाम लोक समजतात तेवढा मोठा नाही, १ पीएसआय कमी झाल्यामागे साधारण ०.२ टक्के. पण आपल्याकडे एक चुकीची समजूत पसरली आहे की उन्हाळ्यात टायर फुटू नये म्हणून हवा कमी ठेवावी. कृपा करून असं करू नका. कमी हवेचं टायर जास्त दबतं, जास्त वाकतं आणि म्हणून जास्त तापतं. ४५ अंशांच्या उन्हात समृद्धीच्या काँक्रीटवर १२० च्या वेगाने तेच टायर आधी फुटतं. इथे प्रश्न पेट्रोलचा नाही, गाडीत बसलेल्या माणसांचा आहे.

आता तापण्याचं काम. मला जी शंका येते ती ही: त्या मिस्त्रीने थर्मोस्टॅट काढून टाकला असेल. विदर्भात हे इतकं सर्रास चालतं की माझ्याकडे तापण्याची तक्रार घेऊन पूर्वी दुसरीकडे गेलेली गाडी आली की मी आधी तेच उघडतो. थर्मोस्टॅट हा इंजिनाच्या पाण्याच्या वाटेवरचा झडपेसारखा भाग. इंजिन थंड असताना तो बंद राहतो, म्हणजे पाणी रेडिएटरकडे जात नाही आणि इंजिन लवकर गरम होतं. पाणी ८० च्या पुढे गेलं की तो उघडतो. तो काढला की पाणी पहिल्या मिनिटापासून रेडिएटरमध्ये फिरतं. मे महिन्यात 'आता गाडी तापत नाही' म्हणून गिऱ्हाईक खूश होतं. पण दिवाळीनंतर थंडी पडली की इंजिन हायवेवर ६०-६५ अंशांवरच राहतं. ईसीएमला वाटतं इंजिन अजून गरमच झालेलं नाही, आणि थंड इंजिनाला द्यायचं तेवढं जादा पेट्रोल ते देत राहतं. ऑइल घट्ट राहतं, घर्षण वाढतं, इंजिनाची झीजही वाढते. तुमच्यासारखं रोज गाव ते तालुका थोडंच अंतर असेल तर इंजिनाला गरम व्हायला वेळच मिळत नाही. महिनोन्महिने गाडी थंड इंजिनावर चालते.

आणि ज्यासाठी तो काढला ते कारण तसंच राहतं. तापण्याची खरी कारणं बहुतेक वेळा वेगळी असतात. रेडिएटरच्या जाळीत धूळ, गवताची कुसळं, जिनिंगच्या भागात फिरणाऱ्या गाडीत कापसाचे तंतू अडकलेले. कूलंटऐवजी बोअरचं पाणी टाकून आत क्षार साचलेले. नाहीतर पंखा वेळेवर सुरू होत नाही. हे दुरुस्त करून थर्मोस्टॅट पुन्हा बसवायला सांगा. पार्ट महाग नाही. मिस्त्री 'काहून लावता, बिनकामाचं असते ते' म्हणाला तरी बसवूनच घ्या.

थर्मोस्टॅट आहे की नाही हे घरबसल्या कळतं, आणि इथे तुमच्या त्याच सोळा पिनांच्या पोर्टचा खरा उपयोग आहे. प्लगच्या किमतीत किंवा त्याहून कमीत ब्लूटूथचा ओबीडी स्कॅनर मिळतो, मोबाइलवर ॲप टाकून चालतो. तो ॲव्हरेज वाढवत नाही, पण गाडी आत काय करते ते दाखवतो. त्यात दोन आकडे पाहा. पहिला कूलंटचं तापमान. दहा-पंधरा मिनिटं चालवल्यावर ८० च्या वर जाऊन स्थिर राहिलं पाहिजे. दुसरा लाँग टर्म फ्युएल ट्रिम, म्हणजे ईसीएमला नेहमीच्या मापापेक्षा किती टक्के पेट्रोल वाढवावं किंवा कमी करावं लागतंय तो आकडा. तो उणे दहा ते अधिक दहाच्या आत असेल तर पेट्रोलचं माप साधारण ठीक आहे. उणे पंधरा-वीस दाखवत असेल तर कुठून तरी जास्त पेट्रोल येतंय, अधिक तेवढाच असेल तर हवा गळतेय किंवा पेट्रोल कमी पडतंय, किंवा सेन्सर चुकतोय. हे आकडे घेऊन मिस्त्रीकडे गेलात तर अंदाजाने एकेक पार्ट बदलत बसावं लागणार नाही.

तिसरी शंका ब्रेकची. काळ्या मातीच्या पांदणीतून पावसाळाभर गाडी गेली की चिखल पुढच्या ब्रेकच्या कॅलिपरच्या (ब्रेक पॅड दाबणाऱ्या भागाच्या) पिनांमध्ये आणि मागच्या ड्रममध्ये बसतो. वाळला की ब्रेक पूर्ण सुटत नाही, चाक थोडं धरूनच राहतं. गाडी चालते, पण सारखी ओढून चालते. दहा-बारा किलोमीटर चालवा, शेवटचा थोडा भाग ब्रेक न मारता हळू हळू येऊन थांबा आणि चारही चाकांजवळ हात नेऊन पाहा. हात लावू नका, फक्त जवळ न्या. पुढची दोन चाकं आपसात सारखी आणि मागची दोन आपसात सारखी गरम असली पाहिजेत. एकच चाक वेगळं तापलं असेल तर तिथेच ब्रेक धरतोय. जॅक लावून हाताने चाक फिरवलं तरी कळतं. हँडब्रेकची केबल कडक झालेली असणं हेही आपल्याकडे नेहमीचं.

एअर फिल्टरचं नाव सगळे आधी घेतात, म्हणून सांगतो. अमेरिकेतल्या ओक रिज प्रयोगशाळेने २००९ मध्ये इंजेक्शनच्या गाड्यांवर मुद्दाम चोंदलेला फिल्टर लावून पाहिला. गाडीचा वेग घेण्याचा जोर कमी झाला, ॲव्हरेज जवळजवळ तेवढंच राहिलं, कारण हवा कमी आली की ईसीएम पेट्रोलही कमी करतं. तेव्हा फिल्टर वेळेवर बदला, आपल्या धुळीत तर लवकरच बदला, पण तुमचे चार किलोमीटर तिथे सापडणार नाहीत. झिजलेले स्पार्क प्लग आणि घसरणारा क्लच हे दोन मात्र तपासून घ्या.

राहिलं पेट्रोल आणि वेग. सध्या सगळीकडे ई-२० वर, म्हणजे वीस टक्के इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलवर, खापर फोडतात. इथेनॉलमध्ये पेट्रोलपेक्षा साधारण एक तृतीयांश ऊर्जा कमी असते हे खरं आहे. नीती आयोगाच्या २०२१ च्या आराखड्यातच जुन्या बनावटीच्या चारचाकींसाठी ६ ते ७ टक्के घट लिहिली आहे, पण ती बिनइथेनॉलच्या पेट्रोलशी तुलना करून. तुम्ही गाडी घेतली तेव्हा २०२३ मध्येही पेट्रोलमध्ये सरासरी १२ टक्के इथेनॉल होतंच. १२ वरून २० वर गेल्याने होणारी घट अडीच-तीन टक्के धरा. म्हणजे तुमच्या १८ मधला अर्धा किलोमीटर. तो खरा आहे, कोणत्याही यंत्राने परत येणार नाही, आणि त्यापेक्षा जास्त दोष ई-२० ला देता येणार नाही. गाडी २०१५ ची असल्याने पेट्रोलच्या रबरी नळ्यांवर मात्र नजर ठेवा. कुठे चिकटपणा, भेगा किंवा वास आला तर लगेच बदला.

वेगाचं गणित सरळ आहे. हवेचा विरोध वेगाच्या वर्गाने वाढतो. ८० ऐवजी १२० ने चालवलं की दर किलोमीटरला हवेशी झगडायला सव्वादोन पट ताकद लागते. समृद्धीवर १२० ची परवानगी आहे म्हणून छोट्या इंजिनाची गाडी सतत १२० ने पळवली तर ॲव्हरेज कोसळणारच. पूर्वी तुम्ही नागपूरला वर्धा किंवा अमरावतीवरून ७०-८० च्या वेगाने जात असाल आणि आता समृद्धीने जात असाल, तर घट तिथूनही आली आहे. पेट्रोलियम बचतीचं काम करणारी पीसीआरए ही संस्था ४५ ते ५५ चा वेग सांगते. समृद्धीवर तो व्यवहार्य नाही आणि मागच्या गाड्यांमुळे धोक्याचाही आहे. डाव्या लेनमध्ये ८०-९० ठेवून पाहा.

हे सगळं करण्याआधी मोजायची पद्धत बदला, नाहीतर कशाचा फरक पडला ते कळणारच नाही. एकच पंप, शक्यतो एकच नोझल, सकाळची वेळ. टाकी फुल, पहिल्या कट-ऑफला, म्हणजे नोझल आपोआप बंद झालं की, थांबायचं, वरून रक्कम पूर्ण करायला थेंब थेंब टाकू द्यायचं नाही. मीटर लिहून ठेवा. पुढच्या वेळी टाकी बरीच रिकामी झाल्यावर पुन्हा तसंच भरा आणि चाललेले किलोमीटर भागिले भरलेले लिटर करा. एका टाकीवर निष्कर्ष काढू नका. कट-ऑफ एखादा लिटर इकडेतिकडे होतोच आणि पंचवीस लिटरवर तो चार टक्के पडतो. तीन-चार टाक्यांची सरासरी घ्या. चुलतभावालाही हेच सांगा, आणि चुंबक घरातल्या कोणाला तरी कधी लावायला, कधी काढायला सांगा, चालवणाऱ्याला न कळवता. वही त्या दुसऱ्या माणसाकडे राहू द्या. महिन्या-दोन महिन्यांत त्याला स्वतःलाच उत्तर मिळेल आणि घरात वादही होणार नाही.

शेवटी मेव्हण्याचं किट, कारण तिथे रक्कम मोठी आहे आणि धोकाही. पाण्यातून वायू काढायला वीज लागते. ती अल्टरनेटर (गाडीतला वीज तयार करणारा भाग) देतो, अल्टरनेटरला इंजिन फिरवतं आणि इंजिन डिझेल जाळतं. ढोबळ हिशोब करू. किटने १४ व्होल्टवर १५ अँपिअर घेतले तर २१० वॉट झाले. अल्टरनेटरची कार्यक्षमता साठ टक्के धरली तर इंजिनाकडून ३५० वॉट लागले. डिझेलमधल्या ऊर्जेचा साधारण तिसरा हिस्साच इंजिनाच्या कामी येतो, म्हणजे हजार वॉटच्या वर डिझेल जळलं. त्यातून परत आलेल्या वायूत ऊर्जा किती? फार तर सव्वाशे-दीडशे वॉट. हजार घालून दीडशे मिळवायचे, असा तो व्यवहार आहे. किट जितकं मोठं तितका तोटा मोठा. त्यात हायड्रोजन आणि ऑक्सिजन एकत्र असलेला वायू ठिणगीने भडकतो, आणि त्या डब्यात बहुतेक वेळा कॉस्टिक पोटॅशसारखं जळजळीत रसायन असतं. शिवाय मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे गाडीत मनाने असे बदल करता येत नाहीत. उद्या आग लागली तर विमा कंपनी आधी तेच दाखवेल.

त्याने ॲडव्हान्स दिला नसेल तर आजच फोन करून थांबवा. दिला असेल तर पावती मागून ठेवा आणि पैसे परत देत नसतील तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला १९१५ वर तक्रार नोंदवा. त्याच्या पिकअप गाडीबद्दल मला एवढं कळवा: चढावर काळा धूर येतो का, पूर्वीपेक्षा गाडीचा जोर कमी झालाय का, आणि रेस दिल्यावर इंजिनातून शिट्टीसारखा आवाज येतो का. तिन्हींचं उत्तर होय असेल तर टर्बोचा, म्हणजे इंजिनात दाबाने हवा भरणाऱ्या भागाचा, पाइप फाटला असण्याचा मोठा संभव आहे, कोणत्याही गॅरेजमध्ये पाइप हाताने चाचपून लगेच दिसतो. आणि कापूस जिनिंगला नेताना ताडपत्री सैल फडफडत असेल तर ती आवळून बांधायला सांगा, तिचाही हवेला बराच विरोध होतो.

तुमच्या गाडीचं टायरचं माप, स्टिकरवरचं माप, पंधरा मिनिटांनंतरचं कूलंट तापमान आणि लाँग टर्म ट्रिम, हे चार आकडे इथेच लिहा. तापमान ७५ च्या खाली दिसलं तर बाकीच्या आकड्यांची वाट न पाहता थर्मोस्टॅटचं काम आधी करून घ्या.